आकृती चौथी

६ जानेवारी

घरात बोलायला माणूस नाही, आणि जो आहे त्याचं बोलणं गेलंय. म्हणून हे लिहिणं. दादा म्हणाला, “मनातलं कागदावर काढ, हलकं वाटेल.” दुसऱ्या गावाहून फोनवर सल्ला द्यायला त्याचं काय जातंय! पण म्हटलं, बघू.

आज संपादकांची सून आली होती. संपादक म्हणजे बाबांचे जुने मित्र, आता हयात नाहीत. ते जादूगारांसाठी एक मासिक काढायचे. दुकानात मिळायचं नाही, वर्गणीदार जादूगारांनाच पोस्टाने जायचं, कारण आत खेळांची गुपितं असायची. पत्ता कुठे दडवायचा, चेंडू कसा गायब करायचा, सगळं चित्रांसकट. ती चित्रं बाबांची, आणि मासिकातलं प्रत्येक मोठं अक्षर बाबांच्या ब्रशचं. सुनेला माळ्यावर मूळ चित्रांचं खोकं सापडलंय. त्यांचं आता जाडजूड पुस्तक निघणार आहे.

“ताई, मुखपृष्ठाची अक्षरं बाबांच्या वळणाची हवीत, ती तुमच्याशिवाय कोण काढणार? आणि एक चित्र नव्याने हवंय. चेंडूचा एक खेळ आहे. मजकुरात चार आकृत्या म्हटलंय, छापल्यात तीन. चौथी ‘पुढील अंकी’ म्हणे, आणि पुढच्या अंकात तिचा पत्ताच नाही.”

मी हो म्हणून मोकळी झाले. मी अक्षरं काढणारी बाई. दुकानांच्या पाट्या, औषधांची खोकी, पुस्तकांची नावं. माणसाचा हात शेवटचा काढला तो चित्रकलेच्या परीक्षेत, आणि तो पंजा कमी आणि हातमोजा जास्त दिसत होता. तरी हो म्हटलं.

खरं कारण लिहून टाकते, इथे कोण बघतंय. बाबांनी मला कधी शाबासकी दिली नाही. मी काढलेलं आवडलं तर “हं” म्हणायचे. नाही आवडलं तर कागद टेबलावर पालथा घालायचे आणि पेपर वाचायला घ्यायचे. माझ्या वाट्याला आलेले “हं” मला कपड्यांच्या रंगासकट आठवतात. पावसाळ्याच्या शेवटी त्यांना झटका आला, उजवं अंग गेलं, वाचा गेली. डावा हात चालतो, काठी घेऊन पाय ओढत चालतात, डोळे लख्ख आहेत. मला त्यांच्याकडून अजून एक “हं” हवाय. आवाज नाही निघाला तर नुसती मान हलवली तरी चालेल.

९ जानेवारी

खोकं उघडलं. दिवस कसा गेला कळलंच नाही.

काय अक्षरं आहेत! मासिकाच्या नावाची शिरोरेघ म्हणजे जादूची कांडी, दोन्ही टोकं पांढरी, मधे काळीभोर, आणि अक्षरं तिला टांगलेली. एका अंकात वेलांटी धुराची. एकात काना म्हणजे उभा धरलेला हुकमाचा पत्ता. अनुस्वाराच्या जागी कधी नाणं, कधी चेंडू. आणि हे सगळं करूनही शब्द लांबून वाचता येतो. आजकालची पोरं संगणकावर अक्षरं वितळवतात आणि मग खाली बारीक अक्षरात नाव पुन्हा लिहावं लागतं.

हात मात्र बघत राहावे असे आहेत. प्रत्येक हात मनगटापाशी तोडलेला. काळ्या कोटाची बाही, पांढरा कफ, त्याला एक बटण, पुढे पंजा. हात जादूगाराच्या स्वतःच्या बाजूने दिसतो. वाचणाऱ्याला ते स्वतःचेच हात वाटले पाहिजेत, तरच खेळ शिकता येईल. प्रेक्षकाच्या बाजूचं चित्र इथे काही कामाचं नाही. बोटांमागे लपलेली वस्तू ठिपक्यांच्या रेघेने दाखवलेली. बाबांची एकच चूक सगळीकडे दिसते. पत्ते हाताच्या मानाने किंचित मोठे आहेत. एवढा नजरेचा माणूस, आणि प्रमाणात चुकला.

शाईखाली अजून निळ्या पेन्सिलीचा कच्चा आराखडा दिसतो. छपाईचा ब्लॉक बनवणाऱ्याच्या कॅमेऱ्याला फिकट निळं दिसत नाही, म्हणून तेव्हाचे चित्रकार निळ्याने आखायचे आणि वरून शाई फिरवायचे. खोडायची गरज नाही, छापताना आपोआप नाहीसं. हातांच्या प्रत्येक चित्रात डाव्या बाजूला, खालच्या कोपऱ्यातून एक निळी गोलसर रेघ वर चढते. तिच्या टोकाशी केसासारखे चार फटकारे. पेन्सिलीचं टोक कडेला घासून बघायची सवय असणार. मीही बघते.

शेवटच्या वर्षांत हात नाहीतच. नुसती अक्षरं आणि फोटो. कॅमेरे स्वस्त झाले आणि चित्रकार गेले, सगळीकडे तेच.

१४ जानेवारी

चौथ्या आकृतीत काय हवं ते मजकुरात आहे. डावी मूठ चेंडू असल्यासारखी धरलेली, उजवा हात तिच्यावरून फिरतोय, आणि चेंडू खरा उजव्या अंगठ्याच्या मागे. सगळा खेळ त्या अंगठ्याचा.

दोन्ही हात गुंतल्यावर काढू कशाने? आरशासमोर धरले तर आरसा प्रेक्षकाची बाजू दाखवतो. मग मोबाइल छातीशी टेकवून फोटो काढला. त्यात अंगठा अंगावर आलेला, बोटं लांब पळालेली. त्यावरूनच काढलं, शाई केली, बाबांपुढे ठेवलं.

बराच वेळ बघितलं त्यांनी. मग डाव्या हाताने कागदाचा कोपरा धरला आणि पालथा घातला.

१५ जानेवारी

दुसरं काढलं. पालथं.

२१ जानेवारी

मावशींना बसवलं आज. मावशी म्हणजे बाबांचं करायला दिवसा येतात त्या. तोंडाने फटकळ, हाताने मायाळू.

“माझे हात चित्रात घालताय? भांडी घासून घासून रेघा पुसल्यात त्यांच्या.”

“चेंडू धरा, मावशी. अंगठा मागे. हलू नका.”

“ताई, नाक खाजतंय.”

मी समोर बसून काढत होते. एवढ्यात मागे खुर्ची ओढल्याचा आवाज. बाबा आपली लाकडी खुर्ची डाव्या हाताने ढकलत, पाय फरफटत आले आणि बरोबर माझ्या पाठीमागे बसले. मी म्हटलं, “बाबा, अंधारात काय बसता, खिडकीपाशी चला.” हात धरून समोर आणून बसवलं, उजेडात, म्हणजे चित्र नीट दिसेल. थोड्या वेळाने पुन्हा मागे. पुन्हा आणलं, पुन्हा मागे.

मावशी हसायला लागल्या. “आजोबा, लपाछपी खेळताय होय?”

मला नाही हसू आलं. दादाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, “त्यांना तुझं चित्र बघवत नसेल, म्हणून पाठीमागे जात असतील.” गंमतीत म्हणाला. पण मनाला लागलं ते लागलंच. समोर बसायचीही इच्छा नाही त्यांना. चित्र बघायचं नाही, करणारीचं तोंडही बघायचं नाही.

मावशींचे हातही चुकले. समोरून काढलेले हात शेवटी समोरचेच. कागद त्यांना दाखवला नाही. मीच पालथा घातला.

२९ जानेवारी

आजचा दिवस बरा. मुखपृष्ठाची अक्षरं झाली. “जादूगाराचे हात” असं पुस्तकाचं नाव. ‘जा’पासून ‘त’पर्यंत एकच कांडी धरली, आणि शेवटच्या ‘त’चा दांडा बाहीतून निघाल्यासारखा. ब्रश एका दमात उतरला. असं वर्षातून एखाद्या वेळी होतं.

बाबांनी तर्जनी शिरोरेघेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. शाई ओली आहे का बघत असावेत. पालथा घातला नाही! “हं”ही नाही. मी वाट बघत उभी होते, शाळेतल्या मुलीसारखी.

मग त्यांनी माझा डावा हात धरला. मला वाटलं, आता काहीतरी सांगतील. पण ते माझी बोटं एकेक करून मुडपायला लागले, अंगठा आत दाबला, मनगट फिरवलं, मग उजव्या हाताला लागले. पकड कसली ती, वाचलेल्या हातात सगळी ताकद जमलीय. व्यायामवाल्याने त्यांना दाबायला रबरी चेंडू दिलाय, तोच समजले असणार. अंगठ्यातून कळ गेली तसा मी हात सोडवून घेतला. “दुखतंय बाबा!” मी म्हणाले. ते माझ्या हाताकडेच बघत राहिले, माझ्याकडे नाही.

३ फेब्रुवारी

कमाल झाली. संध्याकाळी शर्ट काढला तर पाठीवर निळ्या रेघाच रेघा. माझा चांगला पांढरा शर्ट! दुपारी मी टेबलाशी बसून माझ्याच हातांकडे बघत पाचव्या की सहाव्या चित्राशी झगडत होते, तेव्हा हे मागे बसले होते. मी हाकलणं सोडून दिलंय. पाठीला काहीतरी टोचतंय असं वाटलं होतं, पण मी लक्ष दिलं नाही. खोक्यातली जुनी निळी पेन्सिल यांच्या हाती लागलेली.

लहान मुलं भिंती खराब करतात, तसं. मुलांचं कौतुक तरी वाटतं. मला रडूच आलं. मी दिवसभर यांच्यासारखं काढायचा प्रयत्न करतेय आणि हे माझ्या पाठीवर रेघोट्या ओढतायत. न बघताच शर्ट बादलीत टाकला, साबण लावून घासला. निघालं सगळं.

८ फेब्रुवारी

सुनेचा फोन. प्रकाशनाला मूळ चित्रं चौकटीत लावून भिंतीवर मांडायची आहेत. “ताई, ते निळं निळं काय आहे हो कोपऱ्यांत? काचेखाली मळ वाटेल लोकांना. घालवता येईल का?”

येईल की. पुस्तकासाठी स्कॅन करताना मी तो रंग गाळूनच टाकला होता. मूळ कागदावरचं मऊ खोडरबराने हलक्या हाताने जातं, शाईला धक्का लागत नाही. कागद हाताळायची रीत बाबांकडूनच शिकले.

टेबलावर गठ्ठा घेऊन बसले. पहिल्या चित्राचा कोपरा पुसला, दुसऱ्याचा पुसला. बाबा मागे होतेच. एकदम त्यांच्या घशातून असा आवाज निघाला की माझं रबर जागीच थांबलं. काठी टाकून ते अंगावरच आले, माझं मनगट धरलं, मग रबर हिसकावायला लागले. मी सोडेना. त्यांच्या कोपराचा धक्का लागून शाईची बाटली लवंडली आणि माझी आकृती चौथी, जरा तरी जमलेली पहिलीच, काळी झाली.

मी ओरडले. काय ओरडले ते लिहिते, कारण उद्या मला ते बोललेच नाही असं वाटायला नको. मी म्हणाले, “माझा हात तुमच्या कागदाला लागलेला चालत नाही ना? तुमचा गेला, आता माझाही जाऊ दे, मग तरी बरं वाटेल तुम्हाला!”

ते खाली बसले. रबर मुठीत घट्ट. तोंडाच्या वाकड्या कोपऱ्यातून लाळ येत होती आणि डोळ्यांतून पाणी. मावशींनी मला खोलीबाहेर काढलं. “ताई, तुम्ही पण ना. आजारी माणूस आहे तो.”

आजारी आहेत म्हणून काय मला माणसात धरायचं नाही?

१० फेब्रुवारी

खोलीला आतून कडी लावली आणि सगळे कोपरे पुसून टाकले. एकही निळी रेघ ठेवली नाही. चित्रं कशी स्वच्छ झालीत. बाहेरून काठी दारावर वाजत होती, मग थांबली.

दादा म्हणतो, “तू थकलीयेस, आणि तेही तुझ्याजवळ शांत नाहीत. शुश्रूषागृहात ठेवू. दोघांनाही बरं वाटेल.” मी नाही म्हणाले नाही.

१७ फेब्रुवारी

पोहोचवून आले.

खोली बरी आहे. पलंग, कपाट, आडवी खिडकी. दारावरची खोलीच्या नंबराची पाटी इतकी वाईट की पाचाचं शेपूट सहाला लाजवेल. दुसरी कुठली वेळ असती तर बाबांनी ती काढून पालथी ठेवली असती. मी त्यांचे शर्ट कपाटात लावले, चष्मा उशाशी ठेवला. मावशी मुद्दाम बरोबर आल्या होत्या. त्यांनी बाबांचे पाय दाबले, “येते हं आजोबा” म्हणाल्या आणि बाहेर जाऊन डोळे पुसत उभ्या राहिल्या. मला तेवढंही जमेना.

शेवटी मी पलंगाच्या कडेला त्यांच्याकडे पाठ करून बसले, चपलेचा पट्टा लावायला. तर मागून त्यांचा डावा हात माझ्या खांद्यावर आला. दाबला. किंचित डावीकडे, किंचित पुढे. मला कळलं. जा म्हणत होते. मी उठले आणि मागे न बघता निघाले.

घरी त्यांची खुर्ची माझ्या टेबलामागे तशीच होती. उचलून भिंतीला लावली.

२ मार्च

दुसरा झटका. जीव वाचला. डावा हातही गेला. डोळे उघडे आहेत, पण कशावर ठरत नाहीत. डॉक्टर म्हणाले, “ओळखतात की नाही, सांगता येणार नाही.” मी विचारलं, “दिसतं का?” त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

११ मार्च

हे लिहायला हवं. लिहिते.

आज प्रोफेसर आले होते. प्रोफेसर म्हणजे कॉलेजातले नव्हेत, जुने जादूगार सगळे स्वतःला प्रोफेसरच म्हणवून घेत. पोस्टरवर शोभतं. मासिकातले अर्धे खेळ यांचे. आता फार म्हातारे झालेत. दारातच टोपी काढली आणि म्हणाले, “बघ पोरी, माझा सगळ्यात यशस्वी खेळ. केस गायब.” कितीतरी दिवसांनी हसले मी.

पुस्तकाचं त्यांच्या कानावर आलं होतं, मूळ चित्रं बघायची होती. चौकटी तयार होऊन आलेल्या, भिंतीशी ओळीने उभ्या. ते एकेकीपुढे वाकत गेले. पहिली, दुसरी, तिसरी. मग सरळ होऊन माझ्याकडे वळले.

“खांदा कुठे गेला?”

“कसला खांदा?”

“तुझ्या आईचा.”

आई गेली तेव्हा मी दुसरीत होते. तिच्याबद्दल बाबा कधी बोललेच नाहीत. विचारलं की कामाला लागायचे. मी विचारणं सोडलं.

प्रोफेसरांना मी खुर्ची दिली, बाबांचीच. ते सांगत गेले. “अगं, हे हात कुणाचे वाटले तुला? माझे? माझा पंजा बघ, टेनिसची रॅकेट आहे. मी इथे येऊन खेळ तुझ्या आईला शिकवायचो. ती तुझ्या बाबांचा काळा कोट घालून टेबलाशी बसायची. अशी शिकायची की बस. सांगू? तिचा अंगठा माझ्याहून चांगला होता. पण लहान हात, त्यात पत्ता मोठा दिसायचा. मी म्हणायचो, ‘जरा हात मोठा काढ रे, वाचणाऱ्यांत बाप्ये आहेत सगळे.’ म्हणायचा, ‘जसा आहे तसाच काढणार.’”

“आणि बाबा कुठे बसायचे?”

“मागे. आणखी कुठे? तिच्या पाठीला चित्राची लाकडी पाटी टेकवायची, डाव्या खांद्यावरून वाकून बघायचं आणि काढायचं. कागदावर पहिली रेघ खांद्याची. खांदा ठरला की हात कुठे येणार ते ठरतं, असं त्याचं गणित होतं. निळ्याने, म्हणजे ब्लॉकवाल्याला दिसू नये. मधे मधे तिची बट यायची, तीपण काढायचा. मी चिडवायचो, ‘खेळ शिकवतोयस की संसार करतोयस?’ बसण्यात जरा चूक झाली की बोलायचा नाही, खांदा धरून सरकवायचा. थोडी डावीकडे, थोडी पुढे.”

मी विचारलं, “चौथी आकृती?”

“तीन झाल्या आणि ती आजारी पडली. बसवेना तिला. गेलीच त्या महिन्यात. संपादक म्हणाले, दुसऱ्या कुणाचे हात घे. त्यानंतर त्याने हात काढला नाही, कुणाचाच.” मग माझे हात धरून त्यांनी उजेडाकडे वळवले. “आणि तुझे तर हुबेहूब. त्याने कधी बसवलं नाही तुला?”

मी चहा टाकते म्हणून आत गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. पाणी उकळून उकळून आटलं.

१२ मार्च

शर्ट.

न बघता धुतला मी. पाठीमागे बसून, डाव्या हाताने, जो आयुष्यात कधी पेन्सिल धरायला शिकला नव्हता, त्या हाताने ते काढत होते. मी माझे हात समोर धरून बसले होते, आईचे हात. पाटी नव्हती म्हणून कागद नव्हता, म्हणून पाठीवरच. त्या रेघोट्यांत काय होतं, आता कुणालाच कळणार नाही. मी घासून घासून काढलं. आणि खोक्यातलं सगळं आयुष्य खोडरबराने. ते दार वाजवत होते आणि मी आत स्वच्छता करत होते.

दादाला सांगितलं. तो म्हणाला, “तुला कसं कळणार होतं?” त्याचं बरोबर आहे. त्याने काही हलकं झालं नाही.

सुनेला विचारलं, कुठे कुणाकडे एखादं मूळ चित्र राहिलंय का. नाही. “पण ताई, कित्ती स्वच्छ केलीत तुम्ही!” ती म्हणाली.

१६ मार्च

पाटी, कागद, निळी पेन्सिल, चेंडू, शाई घेऊन शुश्रूषागृहात गेले. नर्सबाई म्हणाल्या, “भेटायच्या वेळात काय वाट्टेल ते करा, फक्त चादरीवर डाग पडू देऊ नका.”

त्यांच्या मदतीने बाबांना पलंगावर बसतं केलं. पाठीमागे उशी लावतात. ती मी काढली आणि उशीच्या जागी मी बसले, पलंगावर चढून, भिंतीला टेकून. त्यांचं सगळं वजन माझ्या छातीवर आलं. किती हलके झालेत. मांडीवर पाटी आडवी धरायला जागा नव्हती, म्हणून त्यांना गुडघ्यांनी तोलून जरा पुढे केलं आणि ती त्यांच्या पाठीला टेकवली.

आधी हात घडवले. डावी मूठ. उजवा पंजा तिच्यावर. चेंडू उजव्या अंगठ्यामागे. त्यांनी माझी बोटं मुडपली होती तशी एकेक करून मी त्यांची मुडपली. बोटं राहिली जिथे ठेवली तिथे. इतका स्थिर हात कुठल्याही चित्रकाराला मिळत नाही. आणि कुणी तो मागूही नये.

डाव्या खांद्यावरून वाकले. आणि दिसलं. अंगठा जादूगाराच्या डोळ्यातून दिसत नाही, किंचित वरून, किंचित डावीकडून दिसतो. इतके दिवस मी एका बोटाच्या अंतराने चुकत होते. जादूगाराच्या पाठीमागे कुणीतरी बसलेलं असतं, ते मी धरलंच नव्हतं.

पहिली रेघ खांद्याची काढली, निळ्याने. मग हात. मोठे हात आहेत बाबांचे, पत्ते असते तर लहान दिसले असते. प्रोफेसरांच्या वाचणाऱ्यांना चालले असते. अंगठा आला, ठिपक्यांचा चेंडू आला, कफाच्या जागी आजाऱ्याच्या सदऱ्याची बाही आली, तीही तशीच ठेवली. आणि मग निब शाईत बुडवून मी कोपऱ्यातल्या खांद्यावरूनही शाई फिरवली. मानेवरचे चार पांढरे केसही शाईने काढले. छापताना दिसू देत. सून काय म्हणेल ते म्हणो.

मी काढताना त्यांचा श्वास पाटीतून माझ्या छातीला लागत होता. चेहरा दिसत नव्हता. मागे बसलं की दिसत नाही.

उशी पुन्हा लावली, समोर आले, शाई वाळल्यावर चित्र त्यांच्या मांडीवर, डाव्या हाताशी ठेवलं. डोळे कागदाच्या दिशेने होते. म्हटलं, “बाबा, चौथी झाली.” मग स्टुलावर बसून राहिले. बाहेर जेवणाच्या गाडीची चाकं वाजली, शेजारच्या खोलीत कुणी खोकलं. भेटायची वेळ संपल्याचं नर्सबाई सांगून गेल्या, मग पुन्हा सांगायला आल्या.

कागद तोवर सुलटाच होता. पण तो पालथा घालायला त्यांना आता हात नाही, म्हणून हे मी “हं” मध्ये धरत नाही.